पॉइंट्सवर लिहून घर चालतं का?

सानपाड्याच्या एका वाचक मुलीचा प्रश्न आहे. ती ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी करते. दीड वर्षापासून क्रेडिट कार्डांचे पॉइंट्स आणि विमान कंपन्यांचे माइल्स (ज्यांवर तिकीट काढता येतं ते गुण) यांवर मराठीत ब्लॉग लिहिते आणि महिन्याला सातेक हजार लोक तो वाचतात. ती विचारते, "परदेशातले ब्लॉगर यावर घर चालवतात म्हणे. लिंकमधून पैसा येतो तो नेमका कसा? नोकरी सोडून मी हे करू शकेन का? आणि त्यासाठी इंग्रजीत लिहायला लागावं का?"

नोकरी एवढ्यात सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं शांतपणे वाचता येईल.

मी आठ वर्षं हेच काम करतेय. त्याआधीची नऊ वर्षंही कार्डांच्याच धंद्यात गेली, सुरुवातीला ठाण्यातल्या एका डीएसएकडे, म्हणजे बँकांसाठी कार्डं विकणाऱ्या एजन्सीकडे, आणि नंतर एका बँकेच्या कार्ड विभागात. घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या तोंडाशी आमचं टेबल लागायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचं, फॉर्म भरून घ्यायचा, पॅन आणि सॅलरी स्लिपची झेरॉक्स जोडायची. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात एजन्सीचा कोड लिहायला मात्र विसरायचं नाही. कार्ड निघालं की त्या कोडावर पेआउट, म्हणजे कमिशन. कोड राहिला तर सगळी मेहनत फुकट.

अफिलिएट लिंक म्हणजे तो कोपऱ्यातला कोड. वाचकाने तुमच्या लेखातली लिंक दाबली की तो आधी एका नेटवर्कच्या, म्हणजे मधल्या दलाल कंपनीच्या, सर्व्हरवरून जातो, तिथे त्या क्लिकला एक क्रमांक चिकटतो आणि तो क्रमांक घेऊनच वाचक बँकेच्या अर्जाच्या पानावर पोहोचतो. काही कार्यक्रमांत ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे त्या क्लिकची आठवण ठेवणारी छोटी फाइल, बसते आणि ठरावीक दिवसांच्या आत खरेदी झाली तर ती तुमच्या नावावर धरली जाते. अ‍ॅमेझॉनने १९९६मध्ये आपला असोसिएट्स कार्यक्रम सुरू केला तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. बँका सहसा ब्लॉगरशी थेट करार करत नाहीत. मधे नेटवर्क असतं, कधी त्या नेटवर्कखाली आणखी एक छोटं नेटवर्क, आणि प्रत्येक जण आपला वाटा काढून घेऊन उरलेलं खाली सरकवतो.

आता हे गणित तुमच्या वाचकांवर लावून बघू. आकडे मी मनाने घेतेय, पण प्रमाण माझ्या डॅशबोर्डवर वर्षानुवर्षं दिसतं तसंच आहे. सात हजारांपैकी कार्डाच्या लेखांवर दोन हजार जण येतात. बाकीचे 'लाउंजमध्ये लहान मुलांना नेता येतं का' अशा लेखांवर येतात, जे वाचून कुणी काही विकत घेत नाही. दोन हजारांतले शंभर जण लिंक दाबतात. त्यातले पंचवीस अर्ज पूर्ण भरतात. मंजूर होतात नऊ. दोघांची कार्डं मोजलीच जात नाहीत, ती का ते पुढे सांगते. उरली सात कार्डं. मला आजवर एका कार्डामागे काही शेकड्यांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत कमिशन मिळालंय. आपण १,२०० रुपये धरू. महिन्याचे झाले ८,४०० रुपये. आणि ते हातात पडतात अडीच-तीन महिन्यांनी, कारण बँक आधी पडताळणी करते, मग नेटवर्कला देते, मग नेटवर्क तुम्हाला. तोवर डॅशबोर्डवर पिवळ्या अक्षरांत 'पेंडिंग' दिसत राहतं. त्या पिवळ्या आकड्याच्या भरवशावर कसलाही हप्ता घेऊ नका.

न मोजलेल्या कार्डांचं असं आहे. बहुतेक बँका पैसे देतात ते त्यांच्याकडे कार्ड नसलेल्या नव्या ग्राहकासाठी. ज्याच्याकडे त्या बँकेचं एक कार्ड आधीच आहे त्याने तुमच्या लिंकवरून दुसरं घेतलं तर तुम्हाला शून्य. व्हिडिओ केवायसी अर्धवट राहिली तर शून्य. बँक तो पिनकोड घेत नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही. ठाण्यातल्या माणसाला सहज मिळणारं कार्ड शहापूरच्या माणसाला नाकारलं जातं, आणि तो मला विचारतो की माझा सिबिल तर चांगला आहे, मग असं का? कित्येक ठिकाणी कार्ड नुसतं घरी येऊन भागत नाही, ठरलेल्या मुदतीत चालू करून एक व्यवहार करावा लागतो. आणि सगळ्यात जास्त गळती होते ती अशी: वाचक मोबाइलवर लिंक दाबतो, लोकलमध्ये नेटवर्क जातं, रात्री घरी येऊन तो बँकेचं अ‍ॅप उघडतो आणि तिथूनच अर्ज करतो. तुमचं नाव पुसलं गेलं. यावर भांडता येत नाही. मी सुरुवातीला भांडत असे. एका नेटवर्कने माझे एका तिमाहीचे पैसे 'दर्जा निकृष्ट' एवढ्याच शेऱ्यावर रद्द केले होते आणि करारात तशी मुभा त्यांना होती. तेव्हापासून करारातलं रद्द करण्याचं कलम मी आधी वाचते आणि दर बघते नंतर.

जिथे शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय जातं तिथे आणखी एक अडचण असते. माणूस तुमचा तीन हजार शब्दांचा लेख वाचून हॉटेल ठरवतो, पण पैसे भरताना ब्राउझरमध्ये बसवलेलं कूपन शोधणारं एखादं एक्स्टेन्शन मधे उडी मारतं आणि शेवटचा क्लिक त्याच्या नावावर लागतो. डिसेंबर २०२४मध्ये पेपालच्या 'हनी' या एक्स्टेन्शनवर नेमका हाच आरोप जाहीरपणे झाला आणि अमेरिकेत त्यावर दावेही दाखल झाले. आपल्या कामाला हे किती लागू आहे ते त्या वेळी अनेकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

परदेशातल्या ब्लॉगरांचं म्हणाल तर त्यांची जमीनच वेगळी आहे. 'द पॉइंट्स गाय' २०१०मध्ये सुरू झालं आणि दोनच वर्षांत बँकरेटने ते विकत घेतलं. अमेरिकेत नवीन कार्डावर साठ-सत्तर हजार पॉइंट्सचा स्वागत बोनस असतो, एकेक माणूस वर्षाला दोन-तीन कार्डं काढतो आणि एका मंजूर कार्डामागे ब्लॉगरला शंभर डॉलरहून जास्त मिळू शकतात. आपल्याकडे स्वागत बोनस लहान, कार्डांमागचं कमिशन लहान आणि चांगली कार्डं घेऊ शकेल असा पगारदार वर्गही त्या मानाने लहान. त्यामुळे तिथल्या उत्पन्नाचे आकडे बघून इथलं ठरवू नका.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी हे एवढं लांब लिहायला बसले.

हा पैसा येतो कुठून? बँकेने नवीन ग्राहक मिळवण्यासाठी ठेवलेल्या बजेटमधून. आणि ते बजेट बँकेला परवडतं कशामुळे? दुकानदाराकडून मिळणाऱ्या शुल्कामुळे, वार्षिक फीमुळे आणि व्याजामुळे. कार्डावरचं व्याज अनेक ठिकाणी महिन्याला ३.७५ टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. बिल पूर्ण भरणाऱ्याला पॉइंट्स परवडतात, त्याचं एक कारण बिल पूर्ण न भरणारा कुणीतरी आहे हे आहे. आपण लेख लिहितो पहिल्यासाठी, पण लिंक दाबणाऱ्यांत दुसराही असतो.

माझ्या बाबतीत तो कळव्याचा एक तरुण होता. माझ्या लेखावरून त्याने कार्ड घेतलं. त्या कार्डावर तेव्हा मला इतर कुठल्याही कार्डापेक्षा जास्त पेआउट होता आणि लेखात मी लाउंज, माइल्स, गोव्याचं जवळपास फुकट तिकीट असं सगळं रंगवून लिहिलं होतं. चार महिन्यांनी त्याचा फोन आला. त्याने पहिल्या महिन्यात ६० हजार खर्च केले, कारण 'माइलस्टोन', म्हणजे जादा पॉइंट्ससाठी ठरलेला खर्चाचा टप्पा, गाठायचा होता, आणि बिल आल्यावर 'मिनिमम ड्यू' लिहिलेले ३ हजार भरले. त्याला वाटलं तेवढंच भरायचं असतं. ६० हजारांवर एका महिन्याचं व्याज २,२५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४०५, म्हणजे २,६५५ रुपये. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्यामुळे आकडा फुगतच गेला. त्या ६० हजारांवर त्याला मिळालेल्या पॉइंट्सची किंमत फार तर हजार रुपये होती. मी त्याला बँकेशी बोलून थकलेल्या रकमेचे हप्ते कसे करून घ्यायचे ते सांगितलं. फोन ठेवल्यावर आधी तो लेख उघडला आणि त्यात 'मिनिमम ड्यू' हा शब्द शोधला. एकदाही आला नव्हता.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कार्डाच्या लेखात पहिल्या लिंकच्या वर एक परिच्छेद असतो: गेल्या बारा महिन्यांत तुम्ही एकदा जरी बिल अर्धवट भरलं असेल तर हे कार्ड घेऊ नका, आणि खाली हे गणित. या परिच्छेदामुळे माझे अर्ज कमी झाले. किती ते मला माहीत आहे, कारण मी आधीचे आणि नंतरचे महिने शेजारी शेजारी ठेवून बघितले. जवळपास एक चतुर्थांश. ते पैसे मी सोडले आणि पुन्हा तशी वेळ आली तरी सोडेन.

तुम्हालाही हे ठरवावं लागेल, आणि पहिली लिंक टाकण्याआधीच ठरवलेलं बरं. कारण कमिशनचा दर आणि वाचकाचा फायदा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. आयुष्यभर फी नसलेलं साधं कार्ड बहुतेक मराठी मध्यमवर्गीय घरांना पुरतं आणि त्यावर कधी कधी काहीच मिळत नाही. दहा हजार फीच्या कार्डावर भरपूर मिळतं. 'टॉप टेन' याद्यांमध्ये पहिल्या तीन क्रमांकांवर तीच ती नावं का फिरतात याचं उत्तर यात आहे. माझा नियम असा की लेख आधी लिहायचा, क्रमवारी लावायची, एक रात्र जाऊ द्यायची आणि मगच कुठल्या कार्डाला लिंक आहे ते बघायचं. लिंक नसलेलं कार्ड पहिलं आलं तर पहिलंच ठेवायचं.

उघडपणे सांगणं हा तर कायदाच आहे. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने जानेवारी २०२३मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शिका काढली. मोबदला मिळत असेल तर तो स्पष्ट, ठळक सांगायचा आणि जाहिरात ज्या भाषेत आहे त्याच भाषेत सांगायचा. तेव्हा मराठी लेखाच्या तळाशी बारीक इंग्रजीत दोन शब्द लिहून चालणार नाही. माझ्याकडे वरच लिहिलेलं असतं: 'या लिंकवरून कार्ड घेतलंत तर बँकेकडून मला कमिशन मिळतं.' २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

आणखी तीन गोष्टी करू नका. वाचकाच्या वतीने अर्ज भरू नका, आधार-पॅनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. लोक विश्वासाने पाठवतात, पण ती जबाबदारी आपल्याला पेलणारी नाही. आपल्या कमिशनातले पाचशे रुपये वाचकाला परत देण्याचं आमिष दाखवू नका. कॅशबॅकची परवानगी असलेले कार्यक्रम वेगळे असतात, बाकी ठिकाणी खातं बंद होतं. आणि प्रवास विमा कमिशनवर विकायचा असेल तर आधी परवाना लागतो. दहावी पास आणि पंधरा तासांचं प्रशिक्षण एवढ्यावर पीओएसपी, म्हणजे विमा विकायची परवानगी असलेला विक्रेता, होता येतं, पण ते झाल्याशिवाय विम्याला हात लावू नका.

उत्पन्न किती ठिसूळ असतं ते बघा. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२०मध्ये एचडीएफसी बँकेला नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली, ती ऑगस्ट २०२१मध्ये उठली. अमेरिकन एक्स्प्रेसवरची बंदी मे २०२१ ते ऑगस्ट २०२२ चालली. कोटक महिंद्र बँकेवरची एप्रिल २०२४ ते फेब्रुवारी २०२५. ज्या ब्लॉगरची निम्मी कमाई त्यातल्या एका बँकेवर उभी असेल त्याचं पुढचं दहा महिन्यांचं काय? त्यात चूक त्याची नसते, वाचकाचीही नसते. कार्डांचे नियमही बदलतात. सप्टेंबर २०२३मध्ये अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डाचं माइल्समध्ये रूपांतराचं प्रमाण ५ पॉइंट्सना ४ माइल्स होतं ते ५ला २ झालं. नोव्हेंबर २०२४मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्तारा या तिच्या माइल्स योजनेवर लिहिलेलं सगळं जुनं झालं. अशा प्रत्येक वेळी जुने लेख एकेक करून उघडून दुरुस्त करावे लागतात. या कामाचे पैसे कुणी देत नाही आणि ते टाळलं तर तुमच्या नावावर खोटी माहिती राहते. माझ्या आठवड्यातले दोन दिवस यातच जातात.

म्हणून मी कुठल्याही एका बँकेकडून एकूण कमाईच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त येऊ देत नाही. कार्डांखालोखाल हॉटेल बुकिंगचं कमिशन येतं. ते थोडं असतं आणि पाहुणा राहून गेल्यावरच मिळतं, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीचे पैसे पावसाळ्यात येतात. विमान तिकिटांवर जवळजवळ काही सुटत नाही. मी माइल्सवर तिकीट काढून देण्याचं सल्ल्याचं काम फी घेऊन करते, आणि खरं सांगायचं तर माझं घर स्थिर चालतं ते या फीमुळे. लिंकच्या पैशात एका वर्षात सगळ्यात चांगला महिना आणि सगळ्यात वाईट महिना यांत सातपटीचा फरक पडलाय. दिवाळीच्या आसपास भरभरून, जुलैत कोरडं.

कराचं थोडक्यात. एकाकडून वर्षाला २० हजारांच्या वर कमिशन गेलं की त्यावर २ टक्के टीडीएस कापला जातो. कमिशनच्या उत्पन्नाला छोट्या व्यावसायिकांची ती सोपी अनुमानित करपद्धत लागू होत नाही, त्यामुळे खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी. हॉटेलवाल्याने फुकट राहायला बोलावलं तर वीस हजारांच्या वरच्या अशा लाभावरही १० टक्के टीडीएसची तरतूद आहे. ते 'फुकट' नसतं. नौपाड्यात, वाशीत चांगले सीए आहेत. वर्षातून एकदा तासभर बसा.

मराठीत लिहू की इंग्रजीत? मी दोन्ही केलंय. इंग्रजीत वाचक जास्त, पण तिथे मोठ्या कंपन्यांची संकेतस्थळं आहेत आणि आता गुगल स्वतःच वर उत्तर लिहून देतं, त्यामुळे 'अमुक कार्डाची फी किती' अशा लेखांवर क्लिकच येत नाही. मराठी वाचक कमी आहे, पण तो प्रश्न विचारतो, फोन करतो, आईवडिलांना चारधामला न्यायचंय, मुलीला जर्मनीला सोडायला जायचंय अशा खऱ्या गरजेतून येतो. अशा माणसाने तुमच्या सल्ल्याने कार्ड घेतलं तर तो ते चालू करतो आणि वापरतोही. माझ्या मराठी लिंकांवरचे अर्ज इंग्रजीच्या मानाने निम्म्याहून कमी आहेत, मंजुरीचं प्रमाण मात्र जास्त आहे. मी तुमच्या जागी असते तर मराठी सोडली नसती.

आणि तुमच्या दारात विषय आहे. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडतायत. ठाणे, कल्याण, पनवेलच्या लोकांना आता कुठलं तिकीट काढायचं इथपासून प्रश्न आहेत: पहाटेच्या विमानाला तिथे पोहोचायचं कसं, कुठलं कार्ड तिथल्या लाउंजमध्ये चालतं, सांताक्रूझला उतरून पुढचं विमान तिथून असेल तर मधे किती तास ठेवायचे. स्वतः जाऊन, कार्ड स्वाइप करून, घड्याळ लावून लिहा. या लेखांत लिंक नसली तरी चालेल. पुढे कधी कार्डाच्या लेखावर कुणी येईल ते हे लेख वाचून आलेलं असेल.

नोकरीबद्दल माझं मोजमाप असं: सलग अठरा महिने, खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम, सगळ्यात वाईट तीन महिन्यांची सरासरी. ती तुमच्या घरखर्चाला पुरली तर मला पुन्हा विचारा. तोवर शनिवार-रविवार पुरेत. या आठवड्यात एकच काम करा. तुमचे कार्डांवरचे सगळे लेख उघडा आणि त्यात 'मिनिमम ड्यू' शोधा.